मागून हाक

तुमचा फोन मी अजून रोज चार्जिंगला लावते. प्रज्ञा म्हणते, "आई, बंद करून टाक तो, सिम परत करू." मी म्हणते, बघू. तो टीपॉयवर आहे, तुम्ही विसरलात तिथेच. मधूनच वाजतो. कुणी बँकवाली मुलगी गोड आवाजात तुम्हाला कर्ज देऊ करते. मी सांगते, साहेब घरात नाहीत. खोटं थोडंच आहे ते.

लोक भेटायला येतात, विचारतात, कसं झालं? मी सांगते. हृदयविकाराचा झटका, समुद्राकाठी, एकटेच होते. मग हमखास पुढचा प्रश्न येतो, "फोन नव्हता जवळ?" नव्हता, घरी राहिला होता. इथवर मी सांगते. तुम्ही गाडी बाहेर काढून गेट लावत होता तेव्हा मी गॅलरीत उभी होते, तुमचा फोन माझ्या हातात होता आणि मी तुम्हाला हाक मारली नाही, हे त्यांतल्या कुणाला सांगत नाही. हे फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. भांडण आपल्या दोघांचं आहे आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. तुमची सवयच ती. भांडण रंगात आलं की कॅमेरा उचलायचा आणि म्हणायचं, "उजेड चाललाय, मॅडम."

ओझरच्या कारखान्यात तुम्ही तपासणी विभागात होता. विमानाच्या पत्र्यातली केसाएवढी भेग शोधून काढायची, ही नोकरी. तीच नजर घरी आल्यावर पोळीच्या कडांवर फिरायची, म्हणून किती भांडलोय आपण. निवृत्त झालात त्याच महिन्यात कॅमेरा घेतलात. मी म्हटलं, चला, माझ्या पोळ्या सुटल्या. आधी गोदाकाठ झाला, मग पिंपळगावकडच्या द्राक्षबागा, मग येवल्याचे माग. येवल्यात त्या विणकराने शेवटी हात जोडले, "साहेब, तुम्ही माझ्या उजेडात उभे आहात." घरी येईपर्यंत मी हसत होते. आणि मग एकदा त्र्यंबक-जव्हारवरून तुम्ही खाली समुद्रावर उतरलात, आणि नाशिक तुमच्यापुरतं संपलं.

त्या गावाचं नाव मी इथेही घेत नाही. तुम्ही कुणाला सांगू द्यायचा नाहीत. "नाव कळलं की पुढच्या रविवारी तिथे माणसांपेक्षा ट्रायपॉड जास्त दिसतील." खाडीच्या तोंडावरचं गाव. बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, निळ्या-पिवळ्या होड्या, आणि ओहोटीनंतरची ओली वाळू, जिच्यात अख्खं आभाळ उतरायचं. मी पहिल्यांदा आले तेव्हा नाकाला पदर लावूनच गाडीतून उतरले. तुम्ही म्हणालात, "फोटोला वास नसतो." मी म्हटलं, फोटोला नसेल, मला नाक आहे. दुपारी त्याच पदराला हात पुसत मी तिसरी भाकरी मागून घेतली. तुम्ही ते अख्ख्या कॉलनीला सांगितलंत.

ती भाकरी जगनच्या घरची. जगन म्हणजे तुमचा तिथला जिवाभावाचा माणूस, स्वतःची होडी असलेला, चाळिशीचा, तुमच्यासारखाच बडबड्या. आणि त्याची आई, चांगुणामावशी. आपण द्राक्षांची पेटी घेऊन जायचो आणि सुकटीची पिशवी घेऊन यायचो. जिन्यातून आपण वर चढलो की खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार लावून घ्यायच्या. जाऊ दे. बरे दिवस होते ते. सगळ्या जन्मात मला दोनदाही समुद्र दिसला नसता, तुमच्यामुळे तो ओळखीचा झाला. ते आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी रागावणार आहे.

तुम्हाला चेहरे हवे असायचे. होड्या, आभाळ, पक्षी, हे सगळे काढतात म्हणायचात. पण दर्यावर निघालेला माणूस पाठमोरा असतो, त्याला काय करणार? तुम्ही युक्ती काढलीत. कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहायचं आणि तो दहा पावलं पुढे गेला की मागून खणखणीत हाक मारायची, "ओ दादा!" माणूस वळतो. वळतो त्या क्षणी बटण. समोर उभं राहून काढलेल्या फोटोत माणूस शहाणा चेहरा करतो, वळल्यावर त्याला तेवढा वेळच मिळत नाही, हे तुमचं तत्त्वज्ञान. मला पटायचं नाही. मी म्हणायचे, लोकांना दचकवून फोटो कसले काढता, चोरीच ती एक. तुम्ही म्हणायचात, "तू कचेरीतली बाई, तुला सगळं अर्ज करून हवं."

जगनला मात्र तुम्ही तशी हाक कधी मारली नव्हती. त्या सकाळी मारलीत.

अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे ती सकाळ. जगन घरातून निघाला, खांद्यावर जाळं, हातात जेवणाचा डबा. पाणी उतरत होतं. ओल्या वाळूत त्याची सावली लांब पडली होती आणि तुम्ही वाळूत गुडघा टेकून बसला होता. "जगन! ए जगन!" तो वळला. तुम्ही फोटो काढलात आणि खुशीत मांडीवर थाप मारलीत. तेवढ्यात मांडवापाशी बोंबील उलटेपालटे करणाऱ्या चांगुणामावशी ताडकन उभ्या राहिल्या.

"कोन हाक मारला? मागून हाक मारला कोन?"

तुम्ही हात वर केलात, शाळेतल्या पोरासारखा.

"दर्यावर चालला ना तो! आता त्याला घरी आन. बसव. घोटभर पानी दे. मंग जाऊ दे."

तुम्ही हसलात. "मावशी, आम्ही असलं काही मानत नाही."

"तुमी नका मानू," त्या म्हणाल्या. "पोरगा माझा जातोय."

जगनची पंचाईत झाली. एकीकडे आई, एकीकडे पाहुणा, आणि पाणी तर थांबत नव्हतं. "आये, होडी रुतंल," असं काहीतरी तो पुटपुटला, तुमच्याकडे बघून ओशाळं हसला आणि निघून गेला. परत आला नाही, बसला नाही, पाणी प्यायला नाही.

तुम्ही दिवसभर गावात फोटो काढत हिंडलात. मी मावशींजवळ बसले होते. त्या मासळी निवडत होत्या आणि दर थोड्या वेळाने मान वर करून खाडीच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही बघायला लागले. आपल्या घरात असलं काही मानत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? माझ्या आईने चाळीत मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या बायकांना भर रस्त्यात सुनावलेलं आहे. विहारात लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो, कारण बघा, कार्य बघा, बाकी सोडून द्या. तरी दुपार कलली, इतर होड्या दिसायला लागल्या आणि त्याची दिसेना, तेव्हा मी उठून पाण्यापर्यंत जाऊन आले. मला तुमचा इतका राग आला होता की तुम्ही समोर आला असतात तर काय बोलले असते कोण जाणे.

सूर्य टेकला तेव्हा तो आला. हसत आला. जाळं भरून आला. तुम्हाला केवढा आनंद झाला! पापलेट हातात धरून तुम्ही मावशींसमोर उभे, "बघितलंत मावशी? काय झालं का?"

मावशींनी पापलेट घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि पाटीत टाकलं. "काय नाय झालं," त्या म्हणाल्या. "दर्याला कसली घाई, भाऊ."

घाटातून परत येताना आपण भांडलो. मोखाडा येईपर्यंत मी बोलत होते, त्यानंतर तुम्ही. "तुझ्यासारखी शिकलेली बाई..." इथून सुरू झालात. मी म्हटलं, त्या बाईचा दिवस तुम्ही नासवलात, तिचं मन राखायला एक पेला पाणी लागत होतं. तुम्ही म्हणालात, "आज पाणी, उद्या लिंबू, परवा कोंबडं. एकदा वाकलो की वाकत जातो." खरं सांगू? त्यातलं निम्मं मला पटलं होतं. म्हणूनच जास्त चिडले. मग चहाला थांबलो तेव्हा तुम्ही कॅमेऱ्यावर तो फोटो दाखवलात. फोटो चांगला होता, हीच तर पंचाईत. वळलेली मान, खांद्यावरचं जाळं, मागे चांदीसारखं पाणी, आणि हाक कुणाची आहे हे कळायच्या आधीचा तो चेहरा. तुम्ही म्हणालात, "बघ, किती जिवंत आहे." मला त्यात नुसती भीती दिसली.

पुढे तो फोटो मोठा करून प्रदर्शनात लावलात, मग आपल्या हॉलमध्ये. येणारा-जाणारा म्हणायचा, काय भाव पकडलाय! मी चहा आणता आणता त्याच्याकडे पाठ करायचे.

आणि मला ती खोड लागली. बाहेर निघालेल्या माणसाला मी मागून हाक मारेनाशी झाले. ठरवून नाही हो, आपोआपच. प्रज्ञा डबा विसरून स्कूटरवर बसली की मी तीन मजले उतरून, कंपाउंडला वळसा घालून, तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहायचे. ती किंचाळायची, "आई, वरून ओरडता येत नाही का?" तुम्हाला तर खेळच सापडला. जिन्यात मुद्दाम थांबायचात, पाठ करून. "मार ना हाक! मार! बघू काय होतं!" मी ओठ घट्ट मिटून दारात उभी. शेवटी मी फोनचा उपाय काढला. तुम्ही गेटपाशी गेलात की वरून फोन लावायचा. "दही आणा." फोन काही मागून येत नाही ना! तुम्ही खाली उभे राहून वर बघत फोनमध्ये म्हणायचात, "शालिनीबाई, कचेरीत अंधश्रद्धेच्या विरोधात भाषण करता ना तुम्ही?" मी म्हणायचे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दोघंही हसायचो. आता ती म्हण मी तोंडावर आणत नाही.

तुम्ही एकदाच माझ्या हातात कॅमेरा दिलात. त्याच वाळूवर, गेल्या दिवाळीनंतर. "मी चालत जातो, तू माझा काढ. हाक मार, मी वळतो." तुम्ही चालत गेलात पाण्याकडे. मी काच डोळ्याला लावली. तुम्ही लहान लहान होत गेलात आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. तशीच, न बोलता, बटण दाबलं. तुम्ही थांबून थांबून स्वतःच परत आलात, फोटो बघितलात आणि कपाळावर हात मारलात. "ही काय पाठ! उद्या मी गेल्यावर हाच ठेवलास तर लोक हार घालणार कुठे?" आपण केवढे हसलो होतो. तिथल्या तिथे तुमच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता मी.

आता तो दिवस.

कचेरीत वरून तपासणी येणार होती, म्हणून मी येणार नव्हते. तुम्ही एकटेच निघालात. पिंपळगावच्या तुमच्या दोस्ताने आदल्या दिवशी पाठवलेली द्राक्षांची पेटी मागच्या सीटवर ठेवलीत. चहा अर्धा टाकलात. मी म्हटलं, पुरा प्या तरी. "उजेड चाललाय, मॅडम." उजेड अजून यायचा होता. तुमच्या कपाळावर घाम होता का? मी आता रोज त्या अर्ध्या मिनिटात परत जाते आणि कपाळ बघते. कधी घाम दिसतो, कधी दिसत नाही.

तुम्ही खाली गेलात आणि मला टीपॉयवर फोन दिसला. उचलून गॅलरीत धावले. वॉचमन नव्हता, म्हणून गाडी बाहेर लावून तुम्हीच गेट ओढत होता. डोक्याला ती निळी टोपी, खांद्याला बॅग. गेट लावून झालं, तुम्ही वळलात आणि गाडीकडे चालायला लागलात, माझ्याकडे पाठ करून. तीन मजल्यांचं अंतर. सगळी कॉलनी निजलेली. एक शब्द पुरला असता. बत्तीस वर्षं मी तुम्हाला त्या एकाच शब्दाने हाक मारत आले, नाव कधी घेतलं नाही. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. आणि माझा हात तोंडावर गेला.

विचार वगैरे काही केला नाही मी. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं झालं. मग मी जिन्याकडे पळाले, पुढून गाठू म्हणून. गुडघ्याने दगा दिला. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी असताना गाडी गेल्याचा आवाज आला. मी स्वतःची समजूत घातली, एक दिवस फोन नसला तर काय बिघडतं, पूर्वी कुठे होते फोन.

तुमचा फोन मी कचेरीत घेऊन गेले, टेबलावर ठेवला. तपासणीचे साहेब येऊन बसले होते तेव्हा तो वाजला. जगनचं नाव.

"भाऊ, कुठवर आलात? पानी उतरायला लागलं."

"जगनभाऊ, मी बोलतेय. त्यांचा फोन घरी राहिलाय. निघालेत ते, पोचतीलच."

तो हसला. "वैनी, मंग आता भावांना हाक कशी मारायची?"

मीही हसले. फोन ठेवला आणि हसू तोंडावरच राहिलं.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. या वेळी तो हसला नाही. "वैनी, अजून नाय आले. रस्त्यात कुठं थांबनार होते का?" मी म्हटलं, थांबले असतील हो, कुठे बगळा दिसला असेल, तुम्हाला माहीत नाही का त्यांचं. बरोबरच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. एकीने मला शेवग्याची भाजी वाढली. मी ती तशीच ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून काय दिसतं तर आमचं वाहनतळ. मी मात्र खाडीचं तोंड बघत असल्यासारखी त्या फाटकाकडे बघत होते.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला नाही. पडद्यावर जगनचं नाव होतं आणि तो वाजत राहिला. सगळ्या कचेरीने माना वर केल्या. उचलला नाही तर अजून काही झालेलं नाही, असं वाटत होतं. मग थांबला, आणि माझा स्वतःचा फोन वाजायला लागला.

जगनने तुम्हाला शोधून काढलं. गावाच्या अलीकडे, सुरूच्या झाडांखाली गाडी होती. तुम्ही पुढे खाडीच्या काठावर दगडाला टेकून बसला होता, होड्यांकडे तोंड करून, कॅमेरा मांडीवर. जगन मागून आला होता. मला तो फोनवर रडत रडत काय म्हणाला, सांगू?

"मी मागून हाक नाय मारली, वैनी. वळसा घालून पुढून गेलो."

डॉक्टरांना मी विचारलं, फोन असता तर? ते भले गृहस्थ होते. चष्मा काढून म्हणाले, "लवकर कुणाला कळवता आलं असतं तर कदाचित. पण कदाचित तरीही नाही." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून दोन्ही सांगितलं. मी सकाळी एक धरते, संध्याकाळी दुसरं. गाडी परत आली तेव्हा मागच्या सीटवर द्राक्षांची पेटी तशीच होती. आंबली होती. दार उघडल्यावर तो वास आला आणि प्रज्ञा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

गेल्या रविवारी पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, तुमचे कारखान्यातले सगळे आले. टेबलावर तुमचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. काय तो चेहरा! चोरीच्या संशयावरून पकडून आणल्यासारखे दिसत होता. समोरून काढलेल्या फोटोबद्दल तुम्ही म्हणायचात ते मला तेव्हा पटलं. हे एक कबूल करते, घ्या.

जगन आणि चांगुणामावशी एसटी बदलत बदलत आले होते. मावशी एवढ्या लांब कधी आल्या नव्हत्या. लोक जेवायला बसले तेव्हा त्या आतल्या खोलीत माझ्याजवळ येऊन टेकल्या, माझा हात हातात घेतला. आणि मी, लाज सोडून, तो सोडवून घेतला. इतके दिवस कुणाला न सांगितलेलं त्यांच्या अंगावर टाकलं. "तुमच्यामुळे, मावशी. तुमचं ऐकून मी हाक मारली नाही. फोन माझ्या हातात होता. ते गेटात होते. मी हाक मारली नाही."

मावशींना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या गालांवर ठेवले.

"अगं बाय माझे," त्या म्हणाल्या. "हाक मारायची नाय असं कुनी सांगितलं तुला? कुनी काय इसरलं तर आमी पन बोलावतो की, बोंबलून बोलावतो. बोलावलं की घरी आनायचा. बसवायचा. घोटभर पानी द्यायचा. मंग जाऊ द्यायचा. येवढंच हाय."

मी म्हटलं, एवढंच?

"येवढंच. हाक मारली म्हनून मी नव्हते रागावले. तसाच जाऊ दिलात म्हनून रागावले."

आठवतंय तुम्हाला? हेच सांगितलं होतं त्यांनी, त्या सकाळी, वाळूवर, आपल्या दोघांच्या तोंडावर. घरी आण, बसव, पाणी दे. तुम्ही हसत होता म्हणून ऐकलं नाहीत. मी घाबरले होते म्हणून ऐकलं नाही. मानायचं की नाही यावर आपण मोखाड्यापर्यंत भांडलो, आणि काय मानायचं ते दोघांनीही धड ऐकलं नव्हतं. तुम्ही हाक घेतलीत, मी भीती घेतली. पाणी तिथेच राहिलं. आणि पाण्यात कसली आलीय अंधश्रद्धा? मी हाक मारली असती, तर तुम्ही कुरकुरत तीन मजले चढून आला असतात. मी खुर्ची पुढे केली असती. टोपी काढून बसला असतात, पाणी प्यायला असतात, दम खाल्ला असतात. मी समोर उभी असते. मला तुमचं कपाळ दिसलं असतं.

रडू नको असं मावशी म्हणाल्या नाहीत. त्यांनी उठून माठातलं पाणी आणलं आणि मला पाजलं.

बाकीची मंडळी गेल्यावर मी हॉलमधला जगनचा फोटो उतरवला आणि त्याच्याच हातात दिला. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. त्या खिळ्यावर आता मी काढलेला तुमचा फोटो आहे. पाठमोरा. निळी टोपी, ओली वाळू, पुढे पाणी. प्रज्ञा म्हणाली, "आई, हा नको ना, हा बघवत नाही." मी म्हटलं, असू दे. हार घालायचा नाही त्याला. तुम्ही चालला आहात, अजून पोचला नाही आहात. तेवढ्या अंतरावर आवाज जातो.

तुम्ही म्हणाल, शालिनीबाई, भिंतीवरच्या कागदाशी बोलायला लागलात, कुठे गेली तुमची कारणं आणि कार्यं? जा, करा चेष्टा. मला ठाऊक आहे की कुणी येत नसतं. तुमच्याइतकंच ठाऊक आहे. पण भांडणात शेवटचा शब्द नेहमी तुमचा असायचा, आणि या वेळी माझा एक शब्द राहिला आहे. तो घशात घेऊन मला जगता येणार नाही. म्हणून आज कचेरीतून आल्यावर तुमची खुर्ची गॅलरीच्या दारात ओढून ठेवली आहे. टीपॉयवर पेला भरून ठेवला आहे. फोन हातात घेतला आहे. गुडघ्याला हळद लावली आहे, पण आज मी जिना उतरणार नाही, वळसा घालून पुढून येणार नाही. इथूनच, मागून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी मारणार आहे.

अहो! अहो, ऐकलंत का? फोन राहिला तुमचा. वर या, बसा थोडं, पाणी प्या.